तिचे गुरुवार

बुधवारी माझी बायको वारली. सकाळी ती कंपनीच्या बससाठी स्टॉपवर उभी होती. डोकं दुखतंय, असं ती रांगेतल्या बाईला म्हणाली आणि खाली बसली. तिला पिंपरीच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. आमच्या भागात राहणाऱ्याला गुरुवार म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्याला सांगावं लागतं. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळ्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून कधीकाळी निरनिराळ्या औद्योगिक भागांना निरनिराळे वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. विजेचं पुढे काय झालं मला माहीत नाही, गुरुवार तेवढा राहिला. बायको चाकणच्या एका प्लांटमध्ये क्वालिटी विभागात होती, तिची सुट्टी गुरुवारी. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो, माझी रविवारी. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत आम्हा दोघांना एकाच दिवशी सुट्टी मिळाली ती सणावाराला.

माझे भाऊ लातूरहून रात्रभर प्रवास करून आले, म्हणून अंत्यसंस्कार गुरुवारी सकाळी केले. गुरुवार असल्यामुळे तिच्या कंपनीतले सगळे येऊ शकले. लाइनवरचे, ऑफिसचे, कॅन्टीनचे, बसचा ड्रायव्हर. तिच्याबरोबर सायकल चालवणारे आले. माझ्या कॉलेजातून प्राचार्य आले, दोघे सहकारी आले, आणि तास होते म्हणून परत गेले. त्यांचा कामाचा दिवस होता. मी चितेपाशी उभा होतो आणि आजूबाजूला बघेन तिकडे तिची माणसं होती.

त्यांच्यात एक बाई मोठ्याने रडत होती. गावाकडच्या बायका रडतात तशी, गेलेल्या माणसाशी बोलत. “ताई, मला सोडून कुठं चालला? आता मी कुनासंगं जाऊ?” चौघीजणींनी तिला धरलं होतं. कोणी तिला पाणी पाजत होतं, कोणी पाठीवरून हात फिरवत होतं. माझ्या पाठीवर कोणाचा हात नव्हता, कारण मी रडत नव्हतो. मला चारचौघांत रडता येत नाही. एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या भावाला हळूच विचारलं, “मयताची बहीण का हो?”

भावाने माझ्याकडे पाहिलं.

“कंपनीतली आहे,” मी म्हणालो.

ती कंपनीतली होतीच. पण मी ते तिला थोडं लांब ठेवण्यासाठी म्हणालो, आणि म्हणताना मला बरं वाटलं.

ती बाई माझ्या बायकोची शर्यतीतली जोडीदार होती. वयाने दहाएक वर्षांनी लहान, पेंट शॉपमध्ये, म्हणजे प्लांटच्या रंगकाम विभागात कामाला, तळेगावच्या पलीकडच्या एका गावातल्या जुन्या घरातली. तिचं माहेर आणि सासर एकाच ओढ्याच्या दोन काठांवर आहे. शाळेत असताना ती रोज सायकलवरून तळेगावला यायची आणि परत जाताना घाटी चढायची. तेव्हापासून तिला चढाचं काही वाटत नाही.

माझी बायको सायकलकडे वळली ती चाळिशी उलटल्यावर. महिला दिनाला कंपनीने सायकल फेरी काढली होती. भाग घेईल त्याला टी-शर्ट मिळणार होता. ती टी-शर्टसाठी गेली, असं तीच हसून सांगायची. त्या फेरीत ही पेंट शॉपवाली तिच्या शेजारून चालली होती. रस्त्यावरून काय चालवायची, म्हणाली, आमच्याकडं या, डोंगरावर नेते. पुढच्याच गुरुवारी बायको तिच्याकडे गेली. नंतर तिने एक जुनी माउंटन बाइक घेतली, जाड टायरांची, पुढे स्प्रिंग असलेली. आमचा फ्लॅट पिंपळे सौदागरला, नवव्या मजल्यावर. ती सायकल लिफ्टमध्ये उभी करून, चाक स्वतःच्या पोटाशी धरून वर आणायची. खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये चिखल होतो म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर लिहायच्या. ती त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवायची आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा चिखल आणायची.

आम्हाला मूल नाही. सायकल येईपर्यंत ती गुरुवारी घरी एकटी असायची आणि मी रविवारी. रविवारी मी वाचायचो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला गुरुवारी काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता तिचा गुरुवार भरला, आणि मला तो खुपायला लागला.

संध्याकाळी मी कॉलेजातून यायचो तेव्हा ती आंघोळ करून, कोपराला मलम लावून बसलेली असायची. मी विचारण्याआधीच सांगायला लागायची. त्या दोघींनी तळेगावच्या मागच्या टेकड्यांवरच्या वाटेला नावं ठेवली होती. एक चढ होता, कितीही जोर लावला तरी संपायचा नाही. त्याचं नाव सासू. हे नाव माझ्या बायकोने ठेवलेलं. वाटेच्या मधोमध एक खडक होता. तो हलत नाही, त्याला मान देऊन बाजूने जायचं, म्हणून तो जावई. सासूच्या अलीकडे झाडाखाली थोडी सपाट जागा होती, तिथे बसून त्या डबा खायच्या, ती पंगत. “आज सासूवर एकदाही पाय टेकला नाही,” असं ती म्हणायची, आणि मी वर्गातल्या वह्या तपासता तपासता मान डोलवायचो. इतकी वर्षं मी मराठी शिकवतो आहे. आमच्या घरात येणारे नवे शब्द दुसरीकडेच तयार होत होते आणि मला अर्थ विचारावा लागत होता.

मग त्या छोट्या शर्यतींत उतरायला लागल्या. जोडीच्या शर्यती. त्यांचा नियम असा, की दोघींनी बरोबर राहायचं. ठरलेल्या प्रत्येक ठिकाणी एकीच्या मागून दुसरी थोडक्या वेळात पोचली पाहिजे, नाहीतर दोघींनाही दंड बसतो. पेंट शॉपवाली चढाला पुढे जायची आणि वर थांबायची. उताराला माझी बायको पुढे जायची. तिला उताराची भीती वाटत नव्हती, हेही मला उशिरा कळलं. माझ्याबरोबर ती पुलावरून खाली बघतानाही माझा हात धरायची. उतार संपला की ती खाली थांबायची. अशा त्या एकमेकींसाठी थांबत थांबत जायच्या. हा नियम तिने मला फार कौतुकाने सांगितला होता. मी ऐकलं आणि म्हणालो, “चांगला आहे नियम.” माझ्या मनात आलं ते वेगळं होतं. तिला आणि मला असं बांधून ठेवणारा नियम कोणी केला नव्हता.

आमच्याकडे दिवाळीला जोडून प्लांट आठवडाभर बंद ठेवतात. यंत्रांची दुरुस्ती होते, कामगार गावाला जातात. त्याला सगळे शटडाउन म्हणतात, अगदी घरातल्या म्हाताऱ्याही. माझ्या कॉलेजला तेव्हा दिवाळीची सुट्टी असते. म्हणजे वर्षात सलग आठ दिवस आम्हा दोघांचे असे तेवढेच. ते आठ दिवस दरवर्षी लातूरला जायचे. भाऊबीज, सत्यनारायण, कोणाचं तरी लग्न ठरवणं. ती गेली त्या वर्षी मी ठरवलं, की हा आठवडा आपण मागून घ्यायचा.

मी वाचणारा माणूस आहे. तिला हवं ते मी वाचून शोधलं. न्यूझीलंडमधलं एक गाव मला सापडलं, तळ्याकाठचं, पाठीशी डोंगर असलेलं. तिथे केबल कार सायकलसकट माणसाला डोंगरावर नेते. वरून उतरायला कितीतरी वाटा आहेत, सोप्या आणि अवघड. खाली पोचलं की पुन्हा केबल कारने वर. आणि वर एक उपाहारगृह आहे, त्याच्या काचेच्या भिंतींतून सगळं तळं दिसतं. सायकल न चालवणाऱ्याला तिथे दिवसभर बसता येतं. मी पुस्तक घेऊन बसेन. ती उतरून जाईल, पुन्हा वर येईल, आणि प्रत्येक वेळी मी जिथे बसलो आहे तिथे येईल. एवढं चित्र मला पुरेसं होतं. मी ते इतक्या वेळा बघितलं होतं की मला ते आठवणीसारखं वाटायला लागलं होतं.

मी तिला ते दाखवलं तेव्हा ती खरोखर खूश झाली. मोबाइल हातात घेऊन तिने त्या वाटांचे व्हिडिओ बघितले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मावळ-मुळशीतल्या शर्यतीची बातमी आली. चार दिवस, रोज एक टप्पा, मुक्काम गावातल्या शाळांमध्ये, जोडीने. आणि तारखा त्याच आठवड्यातल्या. शर्यतीत उतरणारे निम्मे लोक कारखान्यांतले होते, त्यामुळे भरवणाऱ्यांनी शटडाउन बघूनच आठवडा धरला होता.

त्या गुरुवारी मी घरी आलो तर पेंट शॉपवाली आमच्या घरी चहा घेत बसली होती. मला बघून उठली नाही. ती मला दाजी म्हणायची. माझ्या बायकोला ताई मानल्यावर मी दाजी झालोच, आणि दाजी झाल्यावर मेहुणीचा थट्टेचा हक्कही आला.

“दाजी, चार दिस ताईला माज्यासंगं द्या.”

“मी कोण देणारा?”

“असं म्हनायचं आन् तोंड बारीक करायचं.”

स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

“आमचं न्यूझीलंडला जायचं चाललंय,” मी म्हणालो.

“ताई बोलल्या. तिथं डोंगर हायेत व्हय?”

“आहेत.”

“मग हितं काय हायेत? उकिरडे?”

मी तिला केबल कारचं सांगितलं. सायकल उचलून वर नेते, दमायला होत नाही, हे समजावून सांगितलं. ती कप खाली ठेवून ऐकत राहिली.

“म्हंजे चढायचंच न्हाई?”

“गरज नाही.”

“ताई,” ती आत बघून म्हणाली, “चढायचंच न्हाई तर उतरायला तोंड कुठलं?”

बायको ओल्या हातांनी बाहेर आली. “अगं, यांनाही यायचंय माझ्याबरोबर.”

“मग या की दाजी. आमच्या मालकांचा टेम्पो मागनं येनार हाय. त्यात बसा. केळी सोला.”

दोघी हसल्या. मीही हसलो. त्या हसण्यात मी तिसरा होतो. बायको माझ्याबरोबरही हसायची, पण असं पोटातून नाही. माझ्याशी ती नीट वागायची. आमच्या घरात कधी आवाज चढला नाही, याचा मला अभिमान होता. त्या संध्याकाळी मला वाटलं, ही बाई माझ्या बायकोशी भांडतही असेल.

तिकिटं काढायला उशीर होत होता. रजेचा अर्जही लवकर द्यावा लागतो. शटडाउनमध्ये क्वालिटीच्या काही लोकांना थांबवून घेतात. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने विषय बदलला नाही, फक्त उत्तर दिलं नाही. एकदा जेवताना तिने विचारलं, “तुम्ही तिथे दिवसभर काय कराल?”

“तुझी वाट बघेन.”

“ते तर इथेही करता.”

ती टोचून बोलली नाही. भाजी वाढत होती. पण मी त्या वाक्याशी बराच वेळ बसलो. ती हे कधीपासून बघत होती? आणि तिला ते आवडत होतं की त्याचा भार होत होता?

सोमवारी मी तिसऱ्यांदा विचारलं.

“गुरुवारी सांगते,” ती म्हणाली.

“गुरुवारीच का?”

“सुट्टी असते. डोकं शांत असतं.”

मला माहीत होतं की गुरुवारी सकाळी ती कोणाबरोबर असणार. मंगळवारी ती सेकंड शिफ्टच्या कोणासाठी तरी उशिरापर्यंत थांबली, आली ती झोपलीच. बुधवारी सकाळी डबा घेऊन ती खाली गेली.

पुढचे दिवस सगळ्यांच्या घरी जातात तसेच गेले. माणसं आली, दहावा झाला, तेरावा झाला, माणसं गेली. लोक सांत्वनाचं बोलायचे आणि मी मान हलवायचो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. ती गुरुवारी काय सांगणार होती, ते मला हवं होतं. तिने मला निवडलं होतं की त्या पेंट शॉपवालीला.

मी घरात शोधायला लागलो. जुन्या पोथीची पानं गळलेली असतात आणि आपण मागच्या-पुढच्या ओळींवरून मधलं काय असेल ते ठरवतो, तसं. कपाटात तिचं जाड जाकीट वरच्या खणातून काढून, धुऊन, घडी करून ठेवलेलं सापडलं. चाकणला जाकीट लागत नाही. मला दोन दिवस बरे गेले. मग तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत एक पार्सल आलं. तिने मागवलेला सायकलचा टायर, खोल खाचांचा. सायकलच्या दुकानात विचारलं तर दुकानदाराने सांगितलं, सुट्या दगडांच्या वाटेला हा लागतो, आपल्याकडच्या डोंगराला एकदम बरोबर. न्यूझीलंडला सायकल तिथेच भाड्याने मिळणार होती. हे मीच तिला वाचून दाखवलं होतं. मी टायर परत बांधून पलंगाखाली सरकवला. जाकीट मात्र बाहेर ठेवलं.

जिला माहीत असण्याची शक्यता होती ती एकच होती. तिला विचारायला मला जमत नव्हतं. तिच्याकडून आपल्या बायकोचं मन विचारून घ्यायचं, याची लाज वाटत होती. आणि उत्तराची भीती होती.

दिवाळी आली. आमच्याकडे दुःखाच्या वर्षी घरात फराळ करत नाहीत; शेजारचे, सोयरे आणून देतात. लिफ्टमधल्या चिखलावरून लिहिणाऱ्या काकूंनी शंकरपाळे दिले. भावजयीने लातूरहून डबा पाठवला. आणि दिवाळीआधीच्या गुरुवारी दुपारी पेंट शॉपवाली आली. माझी सुट्टी लागली होती, म्हणून मी घरी होतो. स्मशानातला दिवस सोडला तर पहिल्यांदाच मी तिला सायकलच्या कपड्यांत किंवा कंपनीच्या गणवेशात नसलेली बघत होतो. साडी नेसली होती. स्टीलच्या मोठ्या डब्यात चकल्या, शेव, अनारसे.

“ताईला अनारसं आवडायचं,” ती म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तिने म्हटल्यावर ते तिचं झालं.

ती बाल्कनीच्या दाराकडे बघत बसली होती. तिथे सायकल उभी होती. मला वाटलं, ही सायकल मागायला आली आहे. शर्यतीला नवी जोडीदार घेतली असेल, तिच्याकडे सायकल नसेल. मी नकार तयार ठेवला. नम्र, पण नकार. तिने मागितलीच नाही. नवी जोडीदार मिळाली होती, हिंजवडीतल्या आयटी कंपनीतली मुलगी, आणि तिच्याकडे आमच्यापेक्षा चांगली सायकल होती.

“ताई असत्या तरी मला दुसरी बघावी लागलीच असती,” ती म्हणाली.

“का?”

“त्या न्यूझीलंडला जानार व्हत्या न्हवं का तुमच्यासंगं.”

मी चहाचं आधण ठेवायला उठलो होतो, तसाच उभा राहिलो.

“तुला कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. शेवटच्या गुरुवारी. पंगतीला बसलो व्हतो.” ती माझ्याकडे बघून थांबली. “तुमाला म्हाईत न्हाई?”

“ती मला पुढच्या गुरुवारी सांगणार होती.”

ती एकदम बोलायला लागली, हातातल्या रुमालाशी चाळा करत. “मला म्हनल्या, ह्या वर्षी न्हाई जमायचं गं. ह्येंनी किती वाचून वाचून काढलंय. कधी काय मागत न्हाईत. एकदा जाऊन येते. मी लई चिडले, दाजी. तुमच्यावर बी चिडले. म्हनलं, ज्यांना सायकल कशाशी खातात ठावं न्हाई, त्येंच्यापायी वर्षाची मेहनत पान्यात. नको ते बोलले. त्यांनी बी ऐकवलं मला. मग उठले आन् निघाले. सासू चढून वर गेले आन् थांबले न्हाई. येऊ द्या मागनं, म्हनलं. घरी गेले. सोमवारी कॅन्टीनला दिसल्या. लांबनं हात केला. मी बघितलंच न्हाई असं दाखवलं.”

तिने डोळे पुसले. या वेळी आवाज केला नाही.

मला काय वाटलं ते मी सरळ लिहितो. तिने मला निवडलं होतं. अडीच महिने मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, अनारशांच्या डब्याबरोबर. आणि मला आनंद झाला नाही. मला निवडलं, हे माझ्याआधी हिला सांगितलं गेलं होतं. झाडाखाली, डबा खाताना. त्यावरून त्यांचं भांडण झालं होतं. माझ्यापायी दोघी एकमेकींना नको ते बोलल्या होत्या, आणि मी त्या दिवशी वर्गात वृत्तं शिकवत होतो. माझ्याशी ती तसं भांडली असती, तर मला आज ते आठवायला असतं.

ती गेल्यावर आणखी एक गोष्ट मनात आली, आणि ती अजून गेलेली नाही. गुरुवारी ठरलं होतं, तर सोमवारी मला का सांगितलं नाही? पुढच्या गुरुवारपर्यंत का थांबायचं होतं? सुट्टी असते, डोकं शांत असतं. की तिला आधी एकदा हिला भेटायचं होतं? कॅन्टीनमध्ये हात करून बघितला, ही बघेना. गुरुवारी डोंगरावर गाठून समजूत काढली असती. समजूत काढताना काय कबूल केलं असतं? टायर कधी मागवला, हे मी पार्सलवर बघितलं. तो भांडणानंतर मागवलेला होता. रबर झिजलं म्हणूनही मागवला असेल. मी तारखेकडे बघत बसलो आणि मग ते पार्सल पुन्हा पलंगाखाली सारलं. माझा स्वभाव असा आहे की मला जिंकून दिलं तरी मी निकाल तपासून बघतो.

शर्यतीच्या शेवटच्या दिवशी मी गेलो. पेंट शॉपवालीने बोलावलं होतं. त्या दिवशीचा टप्पा तिच्या गावावरून जात होता. तळेगावपर्यंत लोकलने आणि पुढे रिक्षाने. रिक्षावाला म्हणाला, “सायकलीवाले बघाया? व्हय, वरल्या अंगाला जातायत. पायानं चढावं लागंल.” मी चढलो. अर्ध्यात मला दम लागला आणि मी एका दगडावर बसलो. तो जावई असावा असं मला वाटलं. विचारायला कोणी नव्हतं.

वर पोचलो तेव्हा गावातली माणसं, पोरं, ताटली-चमचा वाजवणाऱ्या बायका उभ्या होत्या. सायकलवाले एकेक करून चढून येत होते, तोंडाला फेस आल्यासारखे. ती आली तेव्हा बायकांनी गलका केला. ती माथ्यावर येऊन उतरली, मला बघितलं, मान हलवली आणि लगेच मागे वळून उभी राहिली. नवी जोडीदार खूप खाली होती. लाल हेल्मेट, मध्येच थांबणारं, पुन्हा हलणारं.

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ती वळली नाही.

“दंड बसेल का?” मी विचारलं.

“बसू द्या,” ती म्हणाली. “थांबायचं.”

तिने हाताचा कर्णा केला. “ये की गं बाय! सासू हाय ती, म्हायेर न्हवं! हितं बसून कोन वाढनार तुला?”

खालून ती मुलगी हसताना दिसली, आणि तिने पुन्हा पाय टाकला. म्हणजे तिला सासू माहीत होती. माझ्या बायकोने ठेवलेलं नाव तिला न बघितलेल्या मुलीपर्यंत पोचलं होतं आणि उद्या कोणी विचारलं तर ती मुलगी ते स्वतःचंच म्हणून सांगेल. मला त्या मुलीचाही राग आला. ती धापा टाकत वर आली, पेंट शॉपवालीने तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, पाठीवर थाप मारली, आणि दोघी पलीकडच्या उताराला लागल्या. पुढे पेंट शॉपवाली होती. उताराला ती घाबरत होती, हे मागून बघणाऱ्या मलाही कळलं. खांदे वर घेतले होते, ब्रेक करकरत होते. तिच्या पुढे कोणी नव्हतं.

मी न्यूझीलंडला गेलो नाही. एकट्याने त्या काचेच्या खोलीत बसून कोणाची वाट बघायची?

नवं वर्ष लागल्यावर मी कॉलेजात सांगून गुरुवारच्या दुपारचे तास बदलून घेतले. सहकाऱ्यांना वाटलं मी काही श्राद्धकर्म करतो. डोंगरावरून परतताना ती वाकडी वाट करून आमच्याकडे येते, सायकल खाली लावून. अर्धा-पाऊण तास बसते. मी चहा करतो. ती मला अजूनही दाजी म्हणते आणि माझ्या चहाला नावं ठेवते. मग बोलता बोलता काही तरी सांगते: एकदा पावसात चेन तुटली तेव्हा ताई काय म्हणाल्या, एकदा मेंढपाळाच्या कुत्र्यांनी अडवलं तेव्हा ताईंनी त्यांना कसं सुनावलं. मी असल्या आवाजात बोलणाऱ्या बाईला ओळखत नाही. मी ऐकतो आणि जळतो, आणि ती उठायला लागली की आणखी एक कप विचारतो.

माझ्या आठवणी मला सगळ्या पाठ आहेत. तिच्याकडे माझ्या बायकोच्या मी न ऐकलेल्या गोष्टी अजून आहेत.